पोस्टडॉक म्हणजे पोस्टातला डॉक्टर?

बालमित्रांनो,

रविवारी तुमच्या पत्रांचा गठ्ठा उघडून बसले होते. त्यात सहावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र निघालं. ती लिहिते, 'बाई, माझा आतेदादा पोस्टडॉक आहे. आजी सगळ्यांना सांगते, तो पोस्टात डॉक्टर आहे. बाबा हसतात, पण पोस्टडॉक म्हणजे काय ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. दादा दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो आणि म्हणतो, मी रोगांवर काम करतो. कॉम्प्युटरवर बसून रोग कसा बरा होतो? कॉम्प्युटरला ताप येतो का?'

मी खूप हसले. पण मग लक्षात आलं, प्रश्न अगदी बरोबर आहे. आणि गंमत सांगू? माझी एक मावसबहीण नेमकं हेच काम करते. परदेशातल्या एका विद्यापीठात ती पोस्टडॉक आहे. तिची रात्र म्हणजे आपली सकाळ, म्हणून शाळेला निघायच्या आधी आमच्या फोनवर गप्पा होतात. तिच्याकडून जे समजलं ते आज तुम्हांला सांगणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगते. माझ्या स्वतःच्या चुकीची.

चूक माझी होती

माझी पहिली नेमणूक गडचिरोली जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात झाली. डी.एड. नुकतंच झालेलं, शिस्तीची मोठी हौस. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात पक्का, पाढे तोंडपाठ. पण कवायतीची शिट्टी वाजली, की हा आपला कडुलिंबाच्या पारावर जाऊन बसायचा. 'बाई, पाय दुखतेत.' थंडीच्या दिवसांत तर हे रोजचंच झालं.

मला वाटलं, हा आळस करतोय. एका सकाळी मी सगळ्यांसमोर त्याला 'कामचुकार' म्हटलं आणि मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या. त्यानं मारल्या. एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं गावातल्या आरोग्यसेविका ताई भेटल्या. त्या म्हणाल्या, 'बाई, त्याला सिकलसेल आहे. तुम्हांला कुणी सांगितलं नाही?'

मी त्याच्या घरी गेले. तो खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडला होता. आई कापडाच्या पुरचुंडीनं त्याचे गुडघे शेकत होती. तेवढ्यात त्याची सातवीतली बहीण हापशावरून डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन आली. आरोग्यसेविका ताई म्हणाल्या, 'हिलाही सिकलसेलच आहे. दोघांचा रिपोर्ट सारखा.'

मी त्या मुलीकडे बघतच राहिले. ती तर टुणटुणीत होती! तेव्हा त्यांची आई मला म्हणाली, 'बाई, दोघायले एकच बिमारी हाय मनतेत. मंग यालेच एवढा तरास काऊन?'

मला उत्तर आलं नाही. मी त्या मुलाची माफी मागितली. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'बाई, गनिताचा पेपर कवा हाय?'

मित्रांनो, त्या आईचा प्रश्न कित्येक दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे कळलं, की याच प्रश्नामागे जगभरातली हुशार माणसं लागलेली होती. त्यांतले बरेचसे पोस्टडॉक होते!

शिर आणि शीर

आधी सिकलसेल म्हणजे काय ते पाहू. शुद्धलेखनात तुम्ही 'शिर' आणि 'शीर' शिकलात ना? वेलांटी ऱ्हस्व असेल तर डोकं, दीर्घ असेल तर रक्तवाहिनी. एवढासा फरक, पण अर्थ पार बदलला.

आपल्या शरीरातही असंच एक लिखाण असतं. त्याला डीएनए म्हणतात. त्याची बाराखडी फार सोपी. अक्षरं फक्त चार, ए, टी, जी आणि सी. पण लिखाण केवढं लांब! सुमारे ३०० कोटी अक्षरं. आईकडून एक प्रत आणि बाबांकडून एक प्रत, अशा दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात. या सगळ्या लिखाणाला जीनोम म्हणतात. त्यातला जो भाग शरीराला एखादी गोष्ट बनवायची कृती सांगतो, तो झाला जनुक.

रक्तातलं हिमोग्लोबिन बनवायची कृती अशाच जनुकांत लिहिलेली असते. सिकलसेलमध्ये त्यातल्या एका जनुकात एका ठिकाणी 'ए' ऐवजी 'टी' आलेला असतो. बस्, एवढंच! आईकडच्या आणि बाबांकडच्या दोन्ही प्रतींत हा बदल असला, की तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच वाकड्या होतात. अगदी विळ्यासारख्या. इंग्रजीत सिकल म्हणजे विळाच. अशा पेशी बारीक शिरांत अडकतात, रक्त पुढे जात नाही आणि हाडं, सांधे भयंकर दुखू लागतात. थंडी, दमणूक, शरीरातलं पाणी कमी होणं, यांनी हा त्रास वाढतो. आता कळलं ना, मी किती मोठी चूक केली होती ती?

या विळ्यासारख्या पेशींची पहिली नोंद शिकागोच्या डॉक्टर हेरिक यांनी १९१० साली छापली. नेमका दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे, हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. हिमोग्लोबिनचा नेमका कोणता दाणा बदलतो, ते १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी दाखवलं. भारतात हा आजार पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीच्या डोंगरात आढळला. महाराष्ट्रात तो विदर्भात आणि नंदुरबारकडे जास्त दिसतो.

दोनांपैकी एकाच प्रतीत बदल असेल, तर माणूस सहसा आजारी नसतो. त्याला वाहक म्हणतात. उलट वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं! हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं. म्हणूनच जिथे मलेरिया फार, तिथे हे अक्षर पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलं. म्हणजे एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी ढाल झाली. आहे की नाही गंमत?

बाळाचं हिमोग्लोबिन

पण त्या आईचा प्रश्न तसाच राहिला. दोघा भावंडांचं बदललेलं अक्षर एकच. मग एक खाटेवर आणि एक हापशावर, असं का?

याचा पहिला धागा १९४८ सालीच मिळाला होता. न्यूयॉर्कमध्ये जॅनेट वॉटसन नावाच्या मुलांच्या डॉक्टर होत्या. त्यांच्या ध्यानात आलं, की सिकलसेल असलेल्या अगदी तान्ह्या बाळांना त्रास होत नाही. का बरं? कारण आईच्या पोटात असताना बाळ वेगळं हिमोग्लोबिन बनवतं. त्याची कृती वेगळ्या जनुकात लिहिलेली असते आणि तिथे तो 'टी' नसतोच! जन्मानंतर काही महिन्यांत हा बाळनळ बंद होतो आणि मोठ्यांचा नळ सुरू होतो. त्रासही तेव्हापासूनच सुरू होतो.

पण काही माणसांत हा बाळनळ पुरता बंद होत नाही. थेंब थेंब गळत राहतो. जेवढा जास्त गळेल, तेवढा त्रास कमी.

आपल्या घरी गळका नळ दिसला, की आपण प्लंबरला बोलावतो. इथे मात्र सगळ्यांना हवा होता गळका नळ! तो बंद करणारी चावी कुठे आहे? ३०० कोटी अक्षरांत कुठल्या पानावर? हे डोळ्यांनी शोधणं अशक्यच. सेकंदाला एक अक्षर वाचायचं ठरवलंत, तर न जेवता, न झोपता ९५ वर्षं लागतील. करून बघा गुणाकार-भागाकार!

म्हणून हे काम कॉम्प्युटरवर करतात. आणि आता येतो आपला पोस्टडॉक.

पोस्टडॉक काय करतो?

'पोस्ट' म्हणजे 'नंतर' आणि 'डॉक' म्हणजे डॉक्टरेट. बारावीनंतर पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण, मग चारपाच वर्षं किंवा त्याहून जास्त संशोधन करून पीएच.डी. मिळते. त्यानंतर स्वतःची प्रयोगशाळा चालवण्याआधी एखाद्या अनुभवी शास्त्रज्ञाकडे काही वर्षं काम करतात, तो पोस्टडॉक. पूर्वी पैलवान गावचा आखाडा सोडून कोल्हापूरच्या तालमीत जायचे ना, तसंच. इंजेक्शन देणारा डॉक्टर नाही, आणि पोस्टातला तर नाहीच नाही! आजीला सांगा बरं का.

मी बहिणीला विचारलं, 'तू सकाळी गेल्यावर काय करतेस?'

ती म्हणाली, 'ताई, आजी तांदूळ निवडायची ना, ते करते.'

म्हणजे काय, ते ऐका. डीएनए वाचणाऱ्या यंत्राला ते सलग वाचता येत नाही. बहुतेक यंत्रं त्याचे साधारण दीडदीडशे अक्षरांचे तुकडे वाचतात. वाचताना चुका होतात, म्हणून प्रत्येक जागा तीसेक वेळा वाचायची. असे एका माणसाचे होतात सुमारे ६० कोटी तुकडे! समजा, एका पुस्तकाच्या तीस प्रती फाडून कपटे केले आणि पोत्यात भरले. आता प्रत्येक कपटा मूळ पुस्तकाच्या कुठल्या पानावरचा, ते जुळवा. हे जुळवणं कॉम्प्युटर करतो, पण कसं जुळवायचं ते त्याला माणसानं शिकवावं लागतं. त्यासाठी जो आज्ञांचा कागद लिहितात, तो झाला प्रोग्रॅम. रात्री प्रोग्रॅम लावून घरी जायचं आणि सकाळी यायचं, तर कधीकधी तो पहिल्याच ओळीत अडून बसलेला! का? तर एक स्वल्पविराम राहिला. कॉम्प्युटरला ताप येत नाही, पण माणसाला येतो.

एवढं करून हातात काय येतं? तर मूळ पुस्तकापेक्षा या माणसात कुठे कुठे वेगळं अक्षर आहे, त्याची यादी. ही यादी केवढी असते माहीत आहे? चाळीसपन्नास लाख जागांची! आणि हे तुमच्यामाझ्यासारख्या धडधाकट माणसातसुद्धा. बहुतेक फरक निरुपद्रवी. कुणी 'केळे' लिहितं, कुणी 'केळं', केळ्याला काय त्याचं? या ढिगातून रोगाशी संबंध असलेली एखाददुसरी जागा काढायची. तांदळातला खडा, पण खडाही तांदळाच्याच रंगाचा!

फसवे शोध

एकदा बहिणीला वाटलं, सापडला! रोग्यांमध्ये एक अक्षर सारखं दिसत होतं, निरोगी माणसांत ते नव्हतं. तीन आठवडे ती हवेत होती. मग तिच्याच लक्षात आलं, की रोग्यांचे नमुने एका यंत्रावर वाचले होते आणि निरोगी माणसांचे दुसऱ्या. तो फरक रोगाचा नव्हता, यंत्राचा होता.

मला हे लगेच पटलं. समजा, 'अ' तुकडीचे पेपर एका कडक बाईंनी तपासले आणि 'ब' तुकडीचे दुसऱ्या मऊ बाईंनी. 'ब' ला मार्क जास्त मिळाले. म्हणून 'ब' मधली मुलं हुशार ठरतात का?

'मग तू काय केलंस?' मी विचारलं.

'काय करणार? सगळ्यांना सांगितलं, की माझा शोध खोटा निघाला. आणि पुन्हा निवडायला बसले.'

दुसरी फसगत योगायोगाची. हा खेळ शाळेत करून बघा. प्रत्येकानं एक रुपयाचं नाणं दहा वेळा उडवायचं. दहाच्या दहा वेळा छापा पडला, तर आपण म्हणू, काय नशीबवान मुलगा! पण १०२४ मुलांनी नाणी उडवली, तर त्यांतल्या साधारण एकाला नुसत्या योगायोगानंच दहा छापे पडतात. त्यात जादू काही नाही. आता हे संशोधक तर दहा-दहा लाख जागा तपासतात. योगायोगानं शेकडो जागा 'मी, मी' म्हणत हात वर करणारच. म्हणून त्यांचा नियम फार कडक असतो. योगायोगानं असं घडण्याची शक्यता दोन कोटींत एक याहून कमी असेल, तरच ती जागा विचारात घ्यायची. आणि मग दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या माणसांत पुन्हा तपासायची. तिथेही तीच दिसली, तर खरी.

चावी सापडली

नळाच्या चावीचं असंच झालं. २००७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांना दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर एक जागा दिसली. जनुकाचं नाव बीसीएल११ए. त्यानंतर इटलीच्या सार्डिनिया बेटावर ४३०५ लोकांचा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही तीच जागा! आश्चर्य बघा, सिकलसेलचं अक्षर अकराव्या गुणसूत्रावर आणि चावी मात्र दुसऱ्यावर. रोगाच्या जागेपाशीच शोधत बसलं असतं, तर ती कधी हाती लागली असती?

त्याच वर्षी अमेरिकेत बॉस्टनमध्ये गिओम लेत्र नावाच्या एका संशोधकाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोएल हर्शहॉर्न या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तो पोस्टडॉक म्हणून काम करत होता. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी प्रत्यक्ष सिकलसेलच्या रुग्णांची माहिती घेतली. १२७५ आफ्रिकी वंशाचे अमेरिकन आणि ३५० ब्राझीलचे. कुणाच्या रक्तात बाळाचं हिमोग्लोबिन किती आणि त्या जागांवर अक्षर कोणतं, हे ताडून पाहिलं. तीन ठिकाणची मिळून फक्त पाच अक्षरं, पण माणसामाणसांतल्या फरकाचा पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग त्यांनी उलगडला. आणि या अक्षरांचा वेदनेच्या झटक्यांशीही संबंध निघाला!

त्या आईच्या 'काऊन'चं हे पहिलं उत्तर. तिच्या मुलांची अक्षरं कुणी वाचलेली नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल खात्रीनं सांगता येणार नाही. पण एकाच आजाराची दोन भावंडं वेगळी का असू शकतात, ते आता समजतं. भावंडांनाही आईबाबांच्या पुस्तकातली सगळी पानं सारखी मिळत नसतात.

आकड्यांचं काम झालं, की ते टेबलावरून प्रयोगशाळेत जातं. विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटानं २००८ मध्येच दाखवलं, की बीसीएल११ए हे खरोखरच बाळाचा नळ बंद करणारं जनुक आहे. २०११ मध्ये उंदरांत ही चावी काढून टाकली, तर त्यांचा सिकलसेल सुधारला. पण ही चावी शरीरात इतर कामंही करते, ती सगळीकडून काढणं धोक्याचं. २०१३ मध्ये डॅनियल बाउअर आणि सहकाऱ्यांना तिच्यातला असा एक तुकडा सापडला, जो फक्त रक्तातल्या तांबड्या पेशींसाठीच चावी चालू ठेवतो. बस्, मग तेवढाच तुकडा कापायचा! रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढून, तिथे नेमकी कात्री चालवून, पुन्हा शरीरात सोडण्याचा उपचार तयार झाला. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटननं आणि डिसेंबरात अमेरिकेनं त्याला परवानगी दिली.

१९४८ मध्ये एका डॉक्टरीणबाईंनी बाळांकडे नीट पाहिलं आणि २०२३ मध्ये औषध आलं. मध्ये ७५ वर्षं! यात कुणी नुसते आकडे मोजले, कुणी उंदीर सांभाळले, कुणी प्रोग्रॅमातला स्वल्पविराम शोधला.

'मले' चूक की बरोबर?

गोष्ट इथे संपली असती तर किती छान! पण दोन अडचणी आहेत. पहिली पैशांची. अमेरिकेत या उपचाराची किंमत परवानगीच्या वेळी २२ लाख डॉलर ठेवली गेली. शिवाय मोठं इस्पितळ आणि कडक औषधं लागतात ती वेगळीच. गडचिरोलीच्या त्या घरात हे कसं पोचायचं? दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ भारतातच स्वस्त उपचार बनवण्यासाठी झटत आहेत.

दुसरी अडचण समजायला मला माझीच लाल पेन आठवली. त्या मुलाच्या निबंधात 'मले' शब्द आला, की मी गोल करायची. 'मला' लिही! वहीभर लाल गोल. पण त्याच्या घरी, गावात सगळे 'मले'च म्हणतात. तो त्याच्या बोलीत अगदी बरोबर होता. माझ्याजवळ फक्त शहरातलं पुस्तक होतं, म्हणून तो मला चूक वाटला.

जीनोमच्या अभ्यासातही बरीच वर्षं असंच झालं. जगात ज्यांचे जीनोम वाचले गेले, त्यांत बहुतेक युरोपीय वंशाचे लोक. आपल्याकडच्या माणसाचं अक्षर त्या यादीत नसलं, की ते रोगाचं आहे की नुसतीच आपली बोली, हे कसं ठरवायचं? आणि लेत्रच्या अभ्यासात अमेरिका होती, ब्राझील होतं, पण आपला विदर्भ नव्हता. भारतातल्या सिकलसेलच्या रुग्णांत बाळाचं हिमोग्लोबिन पुष्कळदा जास्त असतं, तरीही कुणाला फार त्रास होतो, कुणाला कमी. हे कोडं आपल्याच लोकांची अक्षरं वाचून सुटायचं.

म्हणून २०२० मध्ये 'जीनोम इंडिया' हा प्रकल्प सुरू झाला. देशातल्या वीस संस्था त्यात एकत्र आल्या. आदिवासी आणि बिगर-आदिवासी अशा ८० हून अधिक समूहांतल्या सुमारे १० हजार लोकांचे जीनोम वाचले. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली झाली. आता ती निवडायला, पाखडायला माणसं हवीत. म्हणजे कोण? बरोबर, पोस्टडॉक!

माझी बहीण म्हणते, हे काम सोपं नाही. नोकरी दोन-तीन वर्षांच्या कराराची. करार संपत आला, की पुढचं गाव शोधा. तिच्या वयाच्या मैत्रिणींची घरं झाली, हिच्या दोन बॅगा अजून उघडायच्या आहेत. मी विचारलं, 'मग सोडून का देत नाहीस?' ती म्हणाली, 'ताई, माझ्या टेबलावरच्या प्रत्येक ओळीला नाव नसतं, फक्त नंबर असतो. पण त्या नंबरामागे कुणाचं तरी पोर खाटेवर असतं, हे विसरता येत नाही.'

आईबाबांनो, तुमच्यासाठी

एवढं मात्र पालकांनी वाचावं. सिकलसेल संसर्गानं होत नाही. शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही. तो मागच्या जन्मीचं पाप तर नाहीच नाही. आईबाबा दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आहे. तिच्यात ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं होतं. आपल्या भागात हा आजार असेल, तर तपासणी करून घ्या. औषधही आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध बाळाच्या हिमोग्लोबिनचा नळ थोडा उघडतं आणि पुष्कळांचे झटके कमी करतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायचं. आणि मुलाला आजार असेल, तर शाळेत बाईंना, गुरुजींना जरूर सांगा. लपवू नका. मला कुणी सांगितलं असतं, तर त्या फेऱ्या झाल्या नसत्या.

नाही, हे अर्धंच खरं. मी विचारलं असतं, तरी झाल्या नसत्या.

तो मुलगा आता बारावी झाला आहे. गोळ्या नियमित घेतो, पाण्याची बाटली कायम जवळ ठेवतो. दिवाळीत त्याचा फोन येतो. मागच्या वेळी म्हणाला, 'बाई, मले कॉम्प्युटर शिकाचा हाय.' मी म्हटलं, 'शीक रे बाबा, तुझ्यासारख्या गणितवाल्याची फार गरज आहे.' 'मले' आता मी दुरुस्त करत नाही.

तर मित्रांनो, वर्गात कुणी कवायतीला खाली बसलं, तर हसू नका. आधी विचारा, काय होतंय? मोठमोठे शोधसुद्धा असेच 'याला असं का होतंय' या प्रश्नानं सुरू होतात.

आणि हो, नाण्याचा खेळ विसरू नका! तुमच्या वर्गात किती मुलं होती आणि ओळीनं सर्वांत जास्त छापे कुणाला पडले, ते मला पत्रानं कळवा. ज्याला दहा पडतील, त्यानं फार फुशारकी मारू नये, बरं का!

तुमची,
बाई